एका किलोत किती मासा? मासळीचे जागतिक तक्ते करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
देशोदेशींचे मत्स्य-सांख्यिकी विभाग, संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट, आणि यांच्या आकड्यांवरून देशांची क्रमवारी लावणारे सगळे अभ्यासक, सल्लागार व पत्रकार

सप्रेम नमस्कार.

तुमचे तक्ते मी नेमाने वाचतो. हजारो बंदरांवर रोज पहाटे जो कल्ला चालतो त्यातून एक आकडा गाळून काढणे किती जिकिरीचे असेल याची मला कल्पना आहे. त्यामुळे हे पत्र रागाने लिहिलेले नाही. भांडायच्या तयारीने मात्र जरूर लिहिले आहे.

भांडण एकाच रकान्याशी आहे: ‘ताज्या मासळीचे मूल्य, किलोमागे डॉलर’. त्यात देश एकाखाली एक उतरवलेले असतात. वरचे देश शहाणे आणि खालचे मागासलेले, असा अर्थ वाचणारा आपसूक काढतो. मग कोणी मंत्री तो आकडा सभागृहात वाचून दाखवतो, कोणी सल्लागार त्यावर अहवाल रचतो, आणि खालच्यांनी वरच्यांचा कित्ता गिरवावा असे ठरून जाते. भागाकार चुकलेला नसतो. पण वर बसलेला डॉलर आणि खाली बसलेला किलो हे दोन्ही देशागणिक निराळे असतात, आणि ते निराळेपण तक्त्यात कुठेच दिसत नाही.

किलोपासूनच बघा. कॉड हा थंड समुद्रातला मोठा मासा बोटीवर आला की बहुतेक ठिकाणी लगेच त्याची आतडी काढतात. काही ठिकाणी डोकेही उडवतात, काही ठिकाणी तो तसाच बर्फात जातो. म्हणजे धक्क्यावर ज्याचे वजन होते तो ऐवज आणि समुद्रातून निघालेला मासा यांत तफावत आहे. हे ओळखूनच तुम्ही गुणक ठरवलेले आहेत. आतडी काढलेल्या ताज्या कॉडचे वजन युरोपीय संघ १.१७ ने गुणतो आणि अख्ख्या माशाचे वजन काढतो. डोके व आतडी दोन्ही काढलेल्या कॉडसाठी नॉर्वेचा गुणक सुमारे १.५ आहे. आता सहा किलोचा एक कॉड घ्या. डोके-आतडी गेल्यावर चार किलो उरला, आणि समजा २४ युरोला विकला गेला. अख्ख्या वजनावर भाव पडला चार युरो, धक्क्यावरच्या वजनावर सहा. मासा तोच, घेणारा तोच, पैसेही तेवढेच. देश मात्र तक्त्यात दीडपट वर चढला.

युरोस्टॅट याबाबतीत पुष्कळ शिस्तीचे आहे हे कबूल. पकडीचा तक्ता अख्ख्या माशाच्या वजनात, बंदरावर उतरलेल्या मालाचा तक्ता उतरलेल्या वजनात, आणि किंमत या दुसऱ्या तक्त्याला जोडलेली. आपापल्या जागी दोन्ही बरोबर. घोटाळा होतो तो कोणी एकातली किंमत उचलून दुसऱ्यातल्या वजनाने भागतो तेव्हा. हे काल्पनिक संकट नाही. अन्न व कृषी संघटनेच्या जागतिक पकडीच्या माहितीत देशवार, जातवार टनेज मिळते, किंमत मिळत नाही. मत्स्यशेतीची किंमत मिळते, मासेमारीची नाही! साहजिकच तुलना करणारा टनेज तुमच्याकडून घेतो, पैसे त्या त्या देशाच्या खात्याकडून घेतो, आणि त्या दोघांचे लग्न लावून देतो.

हे लग्न किती विजोड ठरू शकते याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे स्कॅलपसारख्या कवचधारी प्राण्यांचे वजन कवच वगळून, नुसत्या मांसाचे नोंदवतात. अन्न व कृषी संघटना ते कवचासकट मोजते. अटलांटिकमधल्या स्कॅलपसाठी या दोन वजनांत आठपटीहून थोडा जास्तच फरक पडतो. आणि हा काही किरकोळ माल नव्हे. मॅसॅच्युसेट्समधले न्यू बेडफर्ड हे बंदर उतरलेल्या मालाच्या किमतीत वर्षानुवर्षे देशात पहिले येते ते मुख्यतः या स्कॅलपच्या जोरावर. टनेजमध्ये पहिला क्रमांक असतो अलास्कातल्या डच हार्बरचा, पोलॉक या स्वस्त माशामुळे. एकाच देशातली दोन अव्वल बंदरे, एक किमतीत आणि एक वजनात. ‘अमेरिकेतला सरासरी भाव’ या दोघांच्या मधोमध कुठेतरी पडतो आणि दोघांपैकी कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

सरासरीचा हा खेळ देशादेशांत गेल्यावर आणखी रंगतो. पेरूच्या पकडीत अँकोव्हेटा या बोटभर माशाचे राज्य आहे. तो जवळजवळ सगळाच फिशमील (खाद्यासाठीची माशांची भुकटी) आणि तेलाच्या कारखान्यात जातो, भाव त्याला टनावर मिळतो. २०२३ साली एल निन्योमुळे पाणी तापले, पिल्लांचे प्रमाण फार निघाले आणि पेरूने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा वर्षाचा पहिला हंगाम रद्द केला. स्वस्त मासा पकडीतून असा नाहीसा झाला की काय होते? देशाचा किलोमागचा सरासरी भाव वर जातो. एकाही मच्छीमाराला एक पैसा जास्त मिळालेला नसतो. उलट हजारो लोक घरी बसलेले असतात, आणि तक्ता सांगतो की पकडीचे मूल्य सुधारले.

जागतिक बेरीजही याच धाग्याची आहे. अन्न व कृषी संघटनेच्याच २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये मासेमारीतून ९.१ कोटी टन जलचर निघाले आणि पहिल्या विक्रीला त्यांची किंमत अंदाजे १५७ अब्ज डॉलर होती. मत्स्यशेतीतून ९.४४ कोटी टन आणि २९६ अब्ज डॉलर. भागाकार केला तर किलोला एकीकडे पावणेदोन डॉलरच्या आसपास, दुसरीकडे तीनच्या थोडे वर. यावरून ‘शेतीतला मासा समुद्रातल्या माशापेक्षा मौल्यवान’ असे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. त्या पावणेदोन डॉलरमध्ये किती अँकोव्हेटा मिसळलेला आहे याचा उल्लेख त्यांत कुठेच नव्हता.

दुसरी सरमिसळ जकातीच्या कागदांवर होते. ताज्या व थंड केलेल्या माशांचा जागतिक सांकेतिक क्रमांक ०३०२. या क्रमांकाला मासा समुद्रातून आला की पिंजऱ्यातून, याच्याशी कर्तव्य नाही. त्यामुळे ‘ताज्या मासळीची निर्यात’ या तक्त्यात नॉर्वे झळकतो तो प्रामुख्याने शेतीतल्या सॅमनमुळे. २०२३ मध्ये नॉर्वेची एकूण मत्स्य-निर्यात सुमारे १७२ अब्ज क्रोनर होती आणि तीत एकट्या सॅमनचा वाटा १२२ अब्जांच्या वर. हा आकडा व्यावसायिक मासेमारीच्या यशाचा पुरावा म्हणून दाखवला जातो तेव्हा हसू येते. जाळे टाकणाऱ्याचा त्यात फारसा हात नाही.

आणि ‘ताजी’ म्हणजे तरी काय? ०३०२ च्या दृष्टीने ताजी म्हणजे गोठवलेली नाही, बस. आज पहाटे पकडलेला कॉड आणि दहा दिवस बर्फात लोळलेला कॉड एकाच ओळीत बसतात. बाजार मात्र या दोघांना कधीच एका ओळीत बसवत नाही. खरे तर ताज्या मासळीच्या भावातला सगळ्यात मोठा घटक तास आहे, आणि तुमच्या तक्त्यात नेमका तोच नाही.

ताजेपणा मोजता येत नाही अशातला भाग नाही. मोजतात, पण प्रत्येकाची पट्टी वेगळी. जपानमध्ये १९५९ साली ‘के मूल्य’ मांडले गेले. मासा मेला की त्याच्या स्नायूंतले एटीपी हे ऊर्जा देणारे रसायन पायरीपायरीने मोडत जाते. शेवटच्या पायऱ्यांवरचे इनोसिन आणि हायपोझँथिन एकूणात किती टक्के झाले ते म्हणजे के मूल्य. वीसच्या आत असेल तर मासा कच्चा खाण्याजोगा धरतात. युरोपीय संघात १९९६ च्या नियमानुसार कातडी, डोळे, कल्ले आणि वास बघून मालाला ‘एक्स्ट्रा’, ‘ए’ किंवा ‘बी’ असा दर्जा देतात, शिवाय आकारानुसार वर्ग वेगळे. याखेरीज दोन गुणपद्धती आहेत. स्कॉटलंडमधल्या टॉरी संशोधन केंद्राची जुनी पद्धत, हिच्यात गुण जितके जास्त तितका मासा ताजा. आणि ऑस्ट्रेलियात सुरू होऊन उत्तर युरोपात वाढलेली गुणांक पद्धत, हिच्यात गुण जितके कमी तितका ताजा. नुसते बर्फातले दिवस मोजून भागेल म्हणावे तर तेही नाही. उष्ण पाण्यातले बरेच मासे बर्फात थंड पाण्यातल्या माशांपेक्षा जास्त टिकतात, कारण त्यांच्या अंगावरच्या जिवाणूंना बर्फाची सवय नसते. तेलकट मासा बिनतेलाच्या माशाच्या आधी खवट होतो. पाच दिवस इथले आणि पाच दिवस तिथले सारखे नव्हेत.

यात मजुरीही दडलेली असते. जपानी बोटींवर इकेजिमे नावाची पद्धत आहे. मासा तडफडू न देता त्याच्या मेंदूवर घाव घालायचा, रक्त काढायचे, कण्यातून तार घालून मज्जारज्जू निकामी करायचा. एकेका माशाला हात लावावा लागतो, वेळ जातो. पण मासा उशिरा ताठरतो, मांसाची चव आणि पोत टिकतो, आणि लिलावात भाव चढतो. तो चढलेला भाव ‘जपानी मासा महाग’ या सदरात जमा होतो. खरे तर त्यातला काही भाग कारागिरीचे दाम आहे. त्याच जातीचा मासा दुसऱ्या किनाऱ्यावर ढिगात टाकून, उन्हात ठेवून विकला गेला तर त्याचा भाव कमी येणारच. ही तुलना समुद्रांची नसून बोटीवरच्या कामाची आणि बर्फाच्या उपलब्धतेची आहे. तशी केली तर फार उपयोगाची आहे, म्हणून तर मी एवढे डोके खातो आहे.

जपानचा विषय निघालाच आहे तर जाता जाता: टोकियोच्या तोयोसू बाजारात ५ जानेवारी २०१९ ला २७८ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. किलोला बारा लाख येन. नववर्षाच्या पहिल्या लिलावातली ही बोली म्हणजे रेस्टॉरंटवाल्याने घेतलेली जाहिरात असते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ट्यूनाच्या भावावरच्या लेखांत हा मासा दर वर्षी पुन्हा पोहून येतो.

आता मुख्य मुद्दा. भाव दोन माणसांत ठरतो. ती दोन माणसे कोण, हे कळल्याशिवाय भावाला अर्थ नाही. आणि तुमचा तक्ता याबद्दल पूर्ण मुका आहे.

नॉर्वे आणि आइसलँड हे दोन देश शेजारी ठेवून बघा. एकच समुद्र, बऱ्याच अंशी त्याच जाती, दोघेही श्रीमंत, दोघांची आकडेवारी नावाजलेली. नॉर्वेत पहिल्या विक्रीचा ताबा कायद्याने मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री-संघांकडे आहे. कॉडसारख्या पांढऱ्या माशाला संघ किमान भाव जाहीर करतो, त्याखाली व्यवहार होत नाही. मॅकरेल आणि हेरिंगचा इलेक्ट्रॉनिक लिलाव बोट समुद्रात असतानाच होतो. कारखाने बोली लावतात, जिंकणाऱ्याच्या धक्क्याकडे बोट वळते. बोटीची मालकीही सर्वसाधारणपणे मच्छीमारांपुरती राखलेली आहे, काही ट्रॉलरांचा अपवाद सोडून. थोडक्यात, विकणारा वेगळा आणि घेणारा वेगळा.

आइसलँडमध्ये छोट्या बोटींचा बराच माल खुल्या लिलावात जातो. तिथल्या याद्यांत आतडी काढलेल्या आणि न काढलेल्या कॉडचे भाव वेगवेगळे दिलेले असतात, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे. पण मोठ्या कंपन्यांचे तसे नाही. कोटा, बोट, कारखाना आणि निर्यात, सगळे एका छताखाली. अशा कंपनीची बोट आपल्याच कारखान्याला मासा ‘विकते’ तेव्हा जो आकडा वहीत पडतो तोही तुमच्या तक्त्यात ‘पहिल्या विक्रीचा भाव’ म्हणूनच येतो. हा आकडा कमी ठेवण्यात कंपनीचे हित कसे, ते सरळ आहे. खलाशांना पगार मिळतो तो पकडीच्या किमतीतला वाटा म्हणून. सरकारचे मासेमारी शुल्कही किमतीवरच बेतलेले. भाव खाली राहिला तर दोन्ही खाली राहतात, आणि नफा कारखान्याच्या वहीत उगवतो. ती वहीही आपलीच.

ही शंका माझी एकट्याची नाही. खलाशांच्या वाट्यासाठी धरायच्या भावावर लक्ष ठेवायला आइसलँडने १९९८ मध्ये कायदा करून खास कार्यालय काढले. डिसेंबर २०१६ ते फेब्रुवारी २०१७ असा सुमारे दहा आठवडे तिथल्या खलाशांनी संप केला. आणि जुलै २०२५ मध्ये तर तिथल्या संसदेने शुल्काचा हिशेबच बदलला: कॉड-हॅडॉकसाठी लिलाव बाजारातल्या भावाचा आधार, आणि मॅकरेल, हेरिंग, ब्लू व्हायटिंगसाठी थेट नॉर्वेतल्या भावाचा. कंपन्यांनी कडाडून विरोध केला. नॉर्वेचा मॅकरेल वेगळ्या हंगामातला, वेगळ्या प्रतीचा, त्याची मोजपट्टी आम्हाला का, असा त्यांचा सवाल होता, आणि हंगामागणिक माशाची चरबी बदलते हे खरे असल्याने तो सवाल अगदीच पोकळ नाही. तरीही एका देशाच्या संसदेने आपल्या वहीतल्या भावापेक्षा शेजाऱ्याच्या लिलावातला भाव जास्त खरा मानला, ही साधी गोष्ट नव्हे. तुमच्या तक्त्यात हे दोन आकडे एकाच शीर्षकाखाली शेजारी शेजारी बसतात, आणि शीर्षकाखाली एक तळटीपसुद्धा नसते.

तऱ्हा आणखी आहेत. कॅनडाच्या न्यूफाउंडलँडमध्ये मच्छीमारांची संघटना आणि प्रक्रियावाले यांचे जमले नाही तर भाव ठरवायला मंडळ असते, आणि दोन्ही बाजूंच्या आकड्यांपैकी एक जसाच्या तसा निवडण्याची तिथली जुनी रीत आहे. हा बाजारभाव म्हणायचा की निवाडा? अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये २०२२ साली सॉकाय सॅमनचा मूळ भाव पौंडाला १.१५ डॉलर होता, २०२३ ला तो ५० सेंटवर कोसळला. मासेमारांत संताप उसळला, तो रास्तच होता. पण या मूळ भावावर मासा थंड ठेवल्याचे, रक्त काढल्याचे वेगळे पैसे मिळतात, आणि हंगाम संपल्यावर कंपन्या कधी कधी फरकाची रक्कमही देतात. आकडा जुलैमध्ये विचारला की पुढच्या वर्षी, यावर उत्तर अवलंबून.

आणि एका बाजारातसुद्धा एक भाव नसतो. न्यूयॉर्कच्या फुल्टन बाजारातल्या १९९१-९२ च्या नोंदी तपासून अर्थतज्ज्ञ कॅथरीन ग्रॅडी यांनी दाखवले की त्याच व्हायटिंग माशासाठी आशियाई वंशाचे खरेदीदार गोऱ्या खरेदीदारांपेक्षा पौंडामागे सुमारे सहा सेंट कमी देत होते. भाव सांगितला जाई तो कानात, पाटीवर नव्हे. केरळच्या किनाऱ्यावर रॉबर्ट जेन्सन यांनी १९९७ ते २००१ या काळात तारलीचे भाव तपासले. मोबाइल येण्याआधी एकाच सकाळी जवळजवळच्या बाजारांत भाव साठ-सत्तर टक्क्यांनी विखुरलेले असत, आणि काही धक्क्यांवर गिऱ्हाईक नसल्याने मासा चक्क फेकला जाई. बोटीवर फोन आल्यावर हा विखुरलेपणा पंधरा टक्के किंवा त्याखाली आला, मासा फेकणे थांबले, मच्छीमाराचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला तोच मासा सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाला. किनाऱ्याच्या सरासरी भावात हा बदल दिसलाच तर ‘घसरण’ म्हणून दिसला असता. ज्या बदलाने विकणारा आणि घेणारा दोघेही सुधारले, त्याला तुमच्या क्रमवारीत एक पायरी खाली उतरावे लागले असते.

चलनाचे फार लांबवत नाही. २०२१ मध्ये डॉलरला सरासरी ११० च्या आसपास येन पडत, २०२२ मध्ये १३१ च्या आसपास. टोकियोतला भाव येनमध्ये जागचा हलला नसता तरी डॉलरच्या तक्त्यात तो सहाव्या हिश्श्याने उतरला असता. विमानाने परदेशी जाणाऱ्या माशाला बाजारातला विनिमय दर लावा. ज्या देशात मासा तिथल्याच लोकांच्या पोटात जातो तिथे क्रयशक्तीच्या हिशेबाने भाव सांगा. दोन्ही रकाने द्यायला जागा किती लागते? तीच गोष्ट निर्यातीची किंमत भाडे-विमा सोडून आणि आयातीची ते धरून मोजण्याची. ताज्या मासळीला विमानभाडे लागते, त्यामुळे इतर कुठल्याही मालापेक्षा इथे ही तफावत मोठी.

मग प्रश्न उरतो, मासा नेमका कोणाचा. पकड नोंदली जाते ती बोटीवरच्या झेंड्याच्या देशाकडे. उतरलेला माल नोंदला जातो तो बंदराच्या देशाकडे. पाणी ज्याचे त्याचे नाव दोन्हीकडे नसू शकते. पॅसिफिकमधली नाउरू करारातली बेटराष्ट्रे परदेशी ट्यूना बोटींना दिवसांच्या हिशेबाने परवाने विकतात, किरिबाटीसारख्या देशाचा सरकारी खर्च मोठ्या प्रमाणात त्यावर चालतो. त्यांच्या पाण्यातल्या माशाची किंमत त्यांना मिळते ती शुल्काच्या रूपाने, आणि मासळीच्या तक्त्यात ती शून्य दिसते.

छोट्या मच्छीमारांचे तर विचारू नका. अन्न व कृषी संघटनेनेच ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश ही संशोधन संस्था यांच्याबरोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगाच्या पकडीतला किमान ४० टक्के हिस्सा आणि पहिल्या विक्रीच्या किमतीतला सुमारे ४४ टक्के हिस्सा लहान मच्छीमारीचा आहे. हा अभ्यास मुद्दाम करावा लागला, कारण नेहमीच्या नोंदींत हा माल नीट येत नाही. मग ज्या देशात मासेमारी बहुतांशी छोट्या होड्यांची, त्याचा ‘सरासरी भाव’ नोंद ठेवणाऱ्या दोन-चार मोठ्या बंदरांचाच असतो. जिथे भावच नोंदलेला नाही तिथे काय करतात? ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये बोटीवरच्या भावांचा जागतिक संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा रिकामी घरे दुसऱ्या देशांतल्या किंवा जवळच्या जातींच्या भावांवरून अंदाजाने भरली. जागतिक बेरजेसाठी हे योग्यच, ते काम मोलाचे आहे. पण शेजाऱ्याकडून उसना घेतलेला भाव वापरून पुन्हा त्याच शेजाऱ्याशी तुलना करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना ‘दोन्ही देशांत भाव साधारण सारखे’ असा निष्कर्ष मिळाला. मिळणारच होता.

आणि शेवटी, चढा भाव म्हणजे भरभराट ही समजूत. बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा नॉर्वे आणि रशिया मिळून ठरवतात. २०२१ ला तो ८,८५,६०० टन होता, २०२४ ला ४,५३,४२७, आणि २०२५ ला ३,४०,०००. साठा घटला, कोटा आवळला, भाव चढले. किलोमागच्या डॉलरांच्या तक्त्यात ही प्रगती दिसते. ज्या छोट्या बोटीच्या वाट्याला निम्म्याहून कमी मासा आला तिच्या मालकाला जाऊन हे अभिनंदन सांगा.

मला काय हवे आहे ते सांगतो. एकूण मासळीचा देशवार सरासरी भाव छापणे थांबवा. जात धरून भाव द्या, आणि जिथे ‘इतर समुद्री मासे’ अशी मोट बांधलेली असेल तिथे किंमत देऊच नका. वजन अख्ख्या माशाचे की उतरवलेले, आणि कोणत्या अवस्थेत, हे आकड्याच्याच घरात लिहा, परिशिष्टात नको. मासा गळाने धरला की ट्रॉलरने, बोट किती दिवसांनी परतली, एवढे कळले तरी ताजेपणाचा पुष्कळसा अंदाज येतो. ही नोंद बहुतेक बंदरांवर आधीच होते, ती फक्त वर पाठवली जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे: व्यवहार कसा झाला ते सांगा. लिलाव, करार, ठरवून दिलेला किमान भाव, की कंपनीने कंपनीला विकले. घरातल्या घरात झालेल्या विक्रीचा हिस्सा प्रत्येक देशाने टक्क्यांत जाहीर करावा. हा एक रकाना आला तरी अर्ध्या क्रमवाऱ्या आपोआप कोलमडतील, आणि तुमच्यापैकी काहींना तो का नको असेल हेही मला समजते.

सगळे एकदम जमणार नाही म्हणाल. ठीक आहे, एका माशापासून सुरू करा. ईशान्य अटलांटिकचा मॅकरेल घ्या. नॉर्वे, आइसलँड, फेरो बेटे, ब्रिटन आणि युरोपीय संघ, सगळे एकाच साठ्यावर जगतात, आणि वाट्यावरून वर्षानुवर्षे भांडतातही. या सगळ्यांचा भाव महिन्यागणिक, आकारमानानुसार, माणसांच्या खाण्यासाठी की फिशमीलसाठी ते सांगून, विक्रीच्या प्रकारानुसार आणि शक्य तिथे चरबीच्या टक्क्यांसह शेजारी शेजारी छापा. त्यातल्या किती पैशांचा वाटा खलाशांना मिळाला हेही त्याच ओळीत असू द्या, कारण वाट्यावर काम करणाऱ्या माणसाला हा आकडा म्हणजे पगाराची पावती आहे. पानभर मजकूर होईल. पुढच्या वार्षिक अहवालात मी ते पान शोधणार आहे.

कळावे,
आपल्या तक्त्यांचा एक वाचक